घरच्या घरी झकास स्टेक डिनर: आधी बाकीचं सगळं, पॅन सगळ्यात शेवटी

स्टेक, म्हणजे बीफचा भाजलेला जाड काप, म्हटलं की सगळे पहिल्यांदा पॅनबद्दलच विचारतात, किती गरम, किती मिनिटं, कुठलं तेल. खरं तर पॅनवरचं काम जेमतेम पाच-दहा मिनिटांचं असतं आणि ते दोनदा केलं की हाताला बसतं. घोडं अडतं ते बाकीच्या गोष्टींपाशी. स्टेक झालाय पण बटाटे अजून कडक, सॉसचा कांदा चिरायचाय, प्लेट थंडगार, आणि खाणारे टेबलाशी येऊन बसलेत. मग तारांबळ उडते आणि छान झालेला स्टेक कोमट होऊन पानात पडतो. म्हणून इथे मी सगळं वेळेच्या क्रमाने सांगतेय, आदल्या दिवसापासून सुरुवात करून. दोन माणसांचा हिशोब धरलाय, आणि तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये.

मांस घेताना

दोघांसाठी दोन पातळ स्टेक घेऊ नका, एकच जाड घ्या. चार सेंटिमीटर जाड, बिनहाडाचा, ५०० ते ६०० ग्रॅम. पातळ तुकड्याचा प्रॉब्लेम असा की बाहेर छान रंग येईपर्यंत आतून तो शिजून गेलेला असतो, तुम्ही काहीही करा. जाड तुकड्यात तुम्हाला वेळ मिळतो, आणि नंतर कापून दोन प्लेटमध्ये मांडला की दिसतोही जास्त भारी.

पहिल्यांदा करत असाल तर सरळ रिबआय, म्हणजे बरगडीजवळचा तुकडा, घ्या. त्यात मांसाच्या मधून मधून चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा असतात, त्यालाच मार्बलिंग म्हणतात, ती शिजताना वितळते आणि एक-दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी स्टेक सांभाळून घेते. एका कडेला चरबीचा जाड गोळा आणि बाकी सगळं लालभडक असा तुकडा म्हणजे मार्बलिंग नव्हे. स्ट्रिपलॉइनमध्ये कडेने चरबीची पट्टी असते, चावायला जरा दमदार, चव मस्त. टेंडरलॉइन म्हणजे फिले, सगळ्यात मऊ आणि बहुतेक वेळा सगळ्यात महाग, पण खरं सांगू का, चवीला तो जरा मवाळच, चरबी कमी असल्यामुळे त्याला चांगला सॉस लागतोच. टी-बोन दिसायला राजेशाही पण हाडाच्या एका बाजूला स्ट्रिपलॉइन, दुसऱ्या बाजूला फिले, दोन्ही वेगवेगळ्या वेगाने शिजतात, त्यामुळे पाहुणे यायच्या दिवशी पहिल्यांदा तो प्रयोग नको.

आणखी एक विचारून घ्या, मांस मऊ करायला सुया टोचल्यात का. अखंड तुकड्यात जंतू असले तर मुख्यतः वरच्या पृष्ठभागावर असतात आणि ते पॅनवर मरतात, पण सुया टोचल्या की तेच जंतू आत ढकलले जातात, मग आतून गुलाबी ठेवणं सेफ राहत नाही. खिम्याच्या पॅटीचंही तेच, ती पूर्णच शिजवायची, मधोमध ७१ अंशांपर्यंत.

आदल्या दिवशी मीठ

हे वाचून कंटाळा आला तरी हे कराच, कारण अख्ख्या पदार्थात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. स्टेक टिशूने टिपून कोरडा करायचा, मग सगळ्या बाजूंनी मीठ लावायचं, कडांनाही. प्रमाण साधारण वजनाच्या एक टक्का, म्हणजे ५०० ग्रॅमला ५ ग्रॅम, बारीक मीठ असेल तर एका सपाट टीस्पूनपेक्षा किंचित कमी. जरा वरून धरून भुरभुरवा म्हणजे एका जागी ढीग होत नाही.

आता पाच-दहा मिनिटं थांबून नुसतं बघा काय होतं ते. पृष्ठभागावर घामासारखे बारीक थेंब उमटायला लागतात, मग ते एकमेकांत मिसळतात आणि सगळा तुकडा ओला, चकचकीत दिसतो. मिठाने आतलं पाणी बाहेर ओढलेलं असतं. ह्याच वेळी तो पॅनवर टाकला तर तो भाजला न जाता उकडला जाईल, आणि बरेच जण नेमके ह्याच वेळी टाकतात, मीठ लावून दहा मिनिटांनी. थांबलात तर ते पाणी मीठ विरघळवून हळूहळू परत आत जिरतं, पाऊण-एक तासात वरचा ओलावा बराच कमी होतो आणि मीठ मांसाच्या आत शिरायला सुरुवात होते. त्यामुळे नियम सोपा आहे, एकतर पाऊण तासापेक्षा जास्त आधी मीठ लावा, नाहीतर अगदी पॅनवर टाकायच्या क्षणी. मधलं काही नको.

सगळ्यात बेस्ट म्हणजे आदल्या रात्री लावून, ट्रेवर जाळी ठेवून त्यावर स्टेक, आणि न झाकता फ्रीजमध्ये, सगळ्यात खालच्या कप्प्यात, बाकीच्या तयार खाण्यापासून लांब. सकाळी तो गडद आणि हाताला जवळपास कागदासारखा कोरडा लागेल, घाबरू नका, तेच हवंय. ओला पृष्ठभाग पाणी उडून जाईपर्यंत १०० अंशांच्या वर जात नाही, आणि ज्याने खरपूस रंग आणि वास येतो ती मायार रिअ‍ॅक्शन जोरात सुरू व्हायला साधारण १४० अंश तरी लागतात. लुई कामिय मायार ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती मांडली म्हणून तिला त्याचं नाव. तर कोरडा स्टेक लवकर रंग पकडतो, म्हणजे पॅनवर कमी वेळ, म्हणजे आतली शिजलेली राखाडी कड बारीक.

फ्रीजमधून काढून तासभर बाहेर ठेवा, रूम टेंपरेचरला येऊ द्या, असं जे सगळीकडे सांगतात त्याच्या नादी लागायची गरज नाही. चार सेंटिमीटरचा तुकडा अर्ध्या-एक तासात आतून फारसा गरम होतच नाही.

त्या दिवशी, स्टेकला हात लावायच्या आधी

समजा आठ वाजता जेवायला बसायचंय. साडेसहाला बटाट्याचा मॅश. ४०० ते ५०० ग्रॅम, पिठूळ जातीचे, सोलून एकसारख्या फोडी करून मिठाच्या थंड पाण्यात घालायच्या आणि मग गॅस लावायचा, उकळत्या पाण्यात टाकल्या तर बाहेरून फुटतात आणि आत टणक राहतात. सुरी सहज आरपार गेली की पाणी काढून त्याच गरम पातेल्यात मिनिटभर हलवून वाफ उडवा. मग चाळणीतून चमच्याने दाबून काढा. मिक्सर अजिबात नको, ब्लेडने स्टार्च मोकळा होतो आणि डिंकासारखा चिकट लगदा होतो, तो मग कशानेच सुधारत नाही. आधी ६०-७० ग्रॅम बटर मिसळायचं, नंतर गरम दूध लागेल तसं, साधारण ८० ते १०० मिली. चमच्यातून मऊसर पडेल पण प्लेटमध्ये पसरणार नाही इतपत. झाकून गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवून दिलं की तासभर आरामात टिकतं.

भाजीत फरसबी किंवा अ‍ॅस्परॅगस. खळखळत्या, चांगल्या खारट पाण्यात दोन-तीन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग निथळून टिशूवर. रंग हिरवागार राहतो. वाढायच्या आधी मिनिटभर बटरमध्ये परतायची की झालं.

सॉस मात्र मी पॅनमध्ये शेवटी करत नाही. पुस्तकी पद्धत म्हणजे स्टेक काढला की त्याच पॅनमध्ये कांदा, वाइन, स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी), पण तेव्हा खरंच वेळ नसतो आणि तळाला चिकटलेलं निम्म्या वेळा करपलेलं असतं, तो कडूपणा सॉसमध्ये उतरतो. त्यापेक्षा स्टेक ओव्हनमध्ये असतानाच वेगळ्या छोट्या पातेल्यात सॉस करून ठेवा. थोड्या बटरवर एक छोटा कांदा अगदी बारीक चिरून, रंग न येऊ देता मऊ करा. १०० मिली रेड वाइन घालून ती जवळपास आटेपर्यंत उकळा, मग २०० मिली बिनमिठाचा स्टॉक घालून निम्म्यापेक्षा कमी करा. स्टॉक बिनमिठाचाच हवा हे विसरू नका, आटवला की मीठही तेवढंच दाट होतं. वाइन नको असेल तर नुसता स्टॉक आणि शेवटी व्हिनेगरचे थेंब. मिरीचा सॉस हवा असेल तर कांद्याबरोबर एक टेबलस्पून भरड कुटलेली मिरी आणि शेवटी १०० मिली क्रीम. आता चमचा बुडवून उलटा करा आणि पाठीवरून बोट फिरवा, बोटाची रेघ तशीच राहिली, दोन्हीकडून सॉस ओघळून मध्ये आला नाही, की गॅस बंद. थंड बटरचा तुकडा मात्र अगदी वाढताना, गॅसवरून उतरवून, पातेलं हलवत हलवत मिसळायचा. उकळत्या सॉसमध्ये घातला तर तो फाटतो आणि वर तेलाचा तवंग येतो.

स्टेक: आधी ओव्हन, मग पॅन

ह्याला रिव्हर्स सिअर म्हणतात आणि पाहुणे असताना हीच पद्धत धरा, कारण हिच्यात गडबड व्हायला वाव फार कमी आहे. सातच्या सुमारास स्टेक जाळीसकट १२० अंशांच्या ओव्हनमध्ये. मधोमध ४७-४८ अंश झाले की बाहेर. ह्याला ३० मिनिटंही लागतील नाहीतर ५०, तुकड्यावर आणि ओव्हनवर अवलंबून आहे, म्हणून २५ मिनिटांपासून मोजायला लागा. थर्मामीटर हवाच. बोटाने दाबून, तळहाताच्या मांसल भागाशी तुलना करून ओळखायची जी ट्रिक आहे ना, ती रोज पन्नास स्टेक करणाऱ्या शेफला जमते, आपल्याला नाही. थर्मामीटरची सळई वरून नाही, कडेने आडवी खुपसायची, टोक बरोबर मध्यावर, हाडाला किंवा चरबीला टेकलेलं नको.

किती शिजवायचं त्याचा अंदाज, सगळे आकडे शेवटचे, खातानाचे: रेअर (आतून लाल, जवळपास कच्चा) ५० च्या आसपास, मीडियम रेअर ५४ ते ५७, मीडियम ६० ते ६३, त्यापुढे ७० पर्यंत वेल डन (आतपर्यंत पूर्ण शिजलेला). रिबआयला मी तर मीडियम रेअरच्या वरच्या टोकाला नेते, कारण आतली चरबी जरा वितळलेली छान लागते, फिलेला ५४ पुरे. साधारण साठीच्या पुढे मांसातले धागे आकसून रस पिळून बाहेर टाकायला लागतात म्हणून वेल डन कोरडा लागतो. पण कोणाला तसाच आवडत असेल तर त्याला तसाच द्या, तोंड वाकडं करू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि वर तीन मिनिटं थांबायचं असा आहे, टेबलावर गरोदर बाई, वयस्कर माणसं, लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी तेवढं शिजवाच. आणि प्लेटमध्ये जे लाल पाणी दिसतं ते रक्त नसतं, मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन मिसळलेलं पाणी असतं, हे तोंड वाकडं करणाऱ्या पाहुण्याला सांगायला उपयोगी पडतं.

ओव्हनमधून काढल्यावर स्टेक दहा मिनिटं जाळीवरच राहू द्या. ओव्हन बंद करा, दार थोडा वेळ उघडून जरा निवू द्या आणि प्लेट्स आत ठेवा, तेवढ्यात त्या छान गरम होतात. ह्याच दहा मिनिटांत भाजी परता, मॅश परत एकदा हलवून घ्या, सॉस मंद आचेवर, चाकू-बोर्ड समोर. सगळं हाताशी आलं की मगच पॅन.

पॅन बिडाचा किंवा जाड स्टीलचा. नॉनस्टिक नको, इतक्या आचेवर त्याचं कोटिंग खराब होतं, २६० अंशांच्या पुढे ते विघटित होऊन धूर सोडायला लागतं. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा. मोठ्या आचेवर पॅन चार-पाच मिनिटं कोरडाच तापवा, मग एक चमचा रिफाइंड तेल, सूर्यफूल, कनोला, काहीही, फक्त जास्त आच सहन करणारं. बटर आत्ता नाही, त्यातला दुधाचा अंश १५० अंशांच्या आसपासच काळा पडायला लागतो. तेलातून धुराची पहिली बारीक रेघ निघाली की स्टेक आपल्यापासून लांबच्या दिशेला अलगद झोपवा म्हणजे तेल अंगावर उडणार नाही. आवाज ऐका, सलग जोरदार चर्रर्र यायला हवं. बारीक फुसफुस येत असेल तर पॅन तापलेलाच नाहीये, काढा आणि परत तापवा.

एका बाजूने पाऊण-एक मिनिट, उलटा, परत तेवढंच. चिमट्याने उभा धरून चरबीची कडही अर्धा मिनिट भाजा, नाहीतर ती पांढरी रबरासारखी राहते. मग आच कमी, २५ ग्रॅम बटर, दोन ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या सालीसकट, थाईमच्या दोन काड्या. बटर फेसाळलं की पॅन तिरका करून चमच्याने तेच बटर स्टेकवर ओतत राहा, अर्धा मिनिट पुरे. लसूण काळा पडायच्या आत बाहेर. मिरपूड आत्ता, वरून, ताजी कुटलेली.

ओव्हन नसेल तरी अडत नाही, सगळं पॅनवरच करा, फक्त आच मध्यमपेक्षा थोडी वर ठेवा आणि दर मिनिटाला उलटत राहा. 'एकदाच उलटायचा' हा नियम कोणी केला माहीत नाही पण वारंवार उलटल्याने तो जास्त एकसारखा आणि लवकर शिजतो. चार सेंटिमीटरला साधारण १० ते १२ मिनिटं. ५०-५१ अंशांना उतरवा, पुढच्या पाच-सात मिनिटांत तो स्वतःच्या उष्णतेने तीन-चार अंश आणखी चढतो. म्हणजे इथे विश्रांती शेवटी द्यायची, रिव्हर्स सिअरमध्ये ती आधीच होऊन गेलेली असते म्हणून पॅनवरून काढला की दोन मिनिटांत कापला तरी चालतो. आणि जोरात भाजल्याने रस आत बंद होतो वगैरे काही नसतं बरं का, ती एकोणिसाव्या शतकातल्या युस्टुस फॉन लीबिग ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पसरवलेली कल्पना, ती कधीच खोटी ठरलीये. आपण भाजतो ते चवीसाठी.

प्लेटमध्ये मांडणी

आधी कापणं. मांसाचे धागे कुठल्या दिशेला जातायत ते बघा आणि त्यांना आडवं कापा, म्हणजे प्रत्येक घासात धागे आखूड येतात आणि चावायला मऊ लागतं. रिबआयमध्ये थोडं इकडेतिकडे चालतं, फ्लँक किंवा स्कर्ट (पोटाकडचे लांब धाग्यांचे तुकडे) असेल तर ह्यावरच सगळं ठरतं. धारदार सुरी, लांब सरकवत एकेक काप, करवतीसारखं घासायचं नाही, दीड सेंटिमीटर जाड. दोन्ही टोकांचे तुकडे जास्त शिजलेले असतात, ते प्लेटमध्ये जात नाहीत, ते स्वयंपाक करणाऱ्याचे. काप क्षणभर बोर्डावरच राहू द्या, बोर्डावर साठलेला रस सॉसमध्ये ओता, मग थंड बटर मिसळा.

प्लेट मोठी, फिकट रंगाची, साधी. २७-२८ सेंटिमीटरची असली तर बाहेरची कड पूर्ण रिकामी ठेवता येते, आणि हॉटेलातली प्लेट वेगळी दिसते ती बरीचशी ह्या रिकाम्या जागेमुळेच. घरी आपण प्लेट भरतो, तिथेच फसतं. मॅशचा एक मोठा चमचा मध्यापासून जरा बाजूला टाका आणि चमच्याच्या पाठीने एकाच दमात ओढा. जमलं नाही तर गिरवत बसू नका, गिरवलेलं लगेच कळतं, त्यापेक्षा नुसता गोल ढीग करून मध्ये खळगा करा. स्टेकचे पाच काप एकावर एक जरासे सरकवून मॅशला टेकवून आडवे ठेवा, कापलेली गुलाबी बाजू वर आणि खाणाऱ्याकडे. उंची मिळते ती ह्या टेकण्यामुळे. फरसबी एका दिशेने, जुडी बांधल्यासारखी, स्टेकच्या पलीकडे.

सॉस खाली, बाजूला, दोन चमचे. वरून ओतलात तर इतक्या मेहनतीने आणलेला कुरकुरीत थर मिनिटात ओला होतो. उरलेला छोट्या भांड्यात टेबलावर द्या, लोक मागतातच. कापलेल्या बाजूवर जाड मिठाचे चार कण, कारण तिथे मीठ कमी लागतं. आणि काहीतरी आंबट-ताजं हवंच, सगळी प्लेट बटरने जड झालेली असते, लिंबात घोळलेली मूठभर सॅलडची पानं किंवा चमचाभर लोणवलेला कांदा. रोजमेरीची अख्खी काडी झेंड्यासारखी वर खोचू नका, जे खाता येत नाही ते प्लेटमध्ये कशाला. शेवटी ओल्या स्वच्छ फडक्याने कड पुसा आणि लगेच न्या, फोटो काढायचा असेल तर एकच.

उरला तर दुसऱ्या दिशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, कडक होतो आणि वासही विचित्र येतो. थंडच पातळ कापून सँडविचमध्ये किंवा सॅलडवर घ्या. बिडाचा पॅन गरम असतानाच गरम पाणी आणि ब्रशने घासून, गॅसवर वाळवून, तेलाचं बोट फिरवून ठेवून द्या. रात्रभर सिंकमध्ये भिजत टाकला तर सकाळी गंज धरलेला असेल.